पाटावर मीच बसलो होतो

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, २५ जानेवारी २०२६, रथसप्तमी

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. नमस्कार कागदावरचाच गोड मानून घ्या, कारण काल संध्याकाळी चार मुलं आळीपाळीने माझ्या पाठीवर बसून गेली आणि आज बुटाची नाडी बांधायलाही मला भाग्यश्रीला हाक मारावी लागते आहे. बाकी आम्ही तिघंही मजेत. मुक्ताची सर्दी गेली. तिला आता आर्वी म्हणता येतं, पण ती 'आव्वी' म्हणते, आणि खिडकीतून रिक्षा दिसली तरी म्हणते. आईच्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला का, ते कळवा. तिळाच्या वड्यांचा डबा पोचला. वड्या तीन दिवसांत संपल्या, त्यात माझा वाटा मोठा आहे.

मंगळवारच्या लोणी काळभोरच्या कॉलेजातल्या मुलाखतीचं तुम्ही दोनदा विचारलंत. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढल्या का, शर्ट कोणता घालणार, हडपसरवरून कितीची बस धरणार. त्याकडे येतो. आधी कालचं सांगू द्या, कारण कालचं सांगितल्याशिवाय मंगळवारचं सांगता येणार नाही.

आणि भाग्यश्रीने घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला आहे, हे निळ्या खुणांवरून मला कळलं आहे. खाली तिने लिहिलं होतं, 'दत्ताचं नवीन ऑफिस'. आईने 'गोड' एवढं लिहिलं. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तेव्हा त्या व्हिडिओत काळा कुर्ता घालून, डोक्यावर हलव्याचा मुकुट ठेवून, पाटावर मांडी ठोकून बसलेला चौतीस वर्षांचा माणूस तुमचाच मुलगा आहे, हे आधी कबूल करतो.

झालं असं की मुक्ताचं बोरन्हाण गेल्या वर्षी तिच्या तापामुळे राहून गेलं होतं. संक्रांत ते रथसप्तमी एवढीच मुदत, आणि भाग्यश्रीला जानेवारीत बँकेतून मान वर करायला फुरसत नसते. मी म्हटलं, शनिवारी करू, मी करतो सगळं. फार मोठं काही नको. सतरंज्या अंथरायच्या, घरच्यासारखी दोन-चार माणसं बोलवायची, त्यांची मुलं, मोठ्यांना भरीत-भाकरी, छोट्यांना मुगाची खिचडी, आणि आठच्या आत जो तो आपल्या घरी.

सिराज आणि अफशीन आले होते. सिराज माझ्या जुन्या टीममधला. त्यांची पाचवी पिढी पुण्यात, त्यामुळे माझ्या मराठीत चुका काढण्याचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळाला आहे असं तो समजतो. त्यांचा कामरान पावणेदोन वर्षांचा. सलिलही त्याच टीममधला. तो, त्याची बायको ऋतिका आणि त्यांची दीड वर्षांची हिरा. शिवाय खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण दुर्गाबाई आणि त्यांचा तीन वर्षांचा नातू अनिरुद्ध. अनिरुद्धची आई डॉक्टर आहे, शनिवारीही दवाखान्यात असते. दुर्गाबाईंना मी जिन्यात बोलावणं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अनिरुद्धला बोलावलंत म्हणजे मला यावंच लागणार. नुसतं मला बोलावलं असतंत तर विचार केला असता." इथे होकार असा देतात, बाबा. मला कळायला चार वर्षं लागली.

तयारी मी सकाळपासून करत होतो, आणि ती भांड्याकुंड्यांची नव्हती, वेळेची होती. तुम्ही आर्वीच्या एसटी डेपोत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतात, तुम्हाला हे लगेच समजेल. पाच वाजता झोपून उठलेलं मूल साडेपाचला शहाणं असतं, साडेसहाला हसतं आणि साडेसातला घर डोक्यावर घेतं. ती साडेपाच ते साडेसातची फेरी चुकली की पुढच्या सगळ्या गाड्या कोलमडतात. म्हणून सगळ्यांना बजावलं होतं, झोप काढून आणा आणि साडेपाचला दारात हजर राहा. टीपॉय गॅलरीत टाकला. काचेचं जे जे होतं ते कपाटावर गेलं. मग मी चक्क पालथा पडून घरभर रांगलो, कारण मुलांना घर कुठून दिसतं ते तिथूनच कळतं. पलंगाखाली भाग्यश्रीचं हरवलेलं कानातलं सापडलं.

एवढं करून चूक केलीच. मंडईत छान तांबडी, बारकी, आंबटगोड बोरं होती. पण दीड वर्षांच्या हिराने त्यातलं एक तोंडात टाकलं आणि बी घशात अडकली तर? या भीतीने मी ती सोडून मोठी हिरवी बोरं आणली, एकेक लिंबाएवढं. गिळायचा प्रश्नच मिटला, म्हणून स्वतःवर खूश होतो. दुर्गाबाईंनी परात पाहिली आणि म्हणाल्या, "बोरन्हाण आहे की दगडफेक?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मुक्ताला काळा फ्रॉक घातला, हलव्याचे दागिने घातले, पाटावर बसवलं. औक्षण झालं. भाग्यश्री, अफशीन आणि ऋतिका यांनी वाट्या भरभरून तिच्या डोक्यावरून ओतल्या. मुरमुरे आले, तिळगूळ आला, आणि त्यांच्या मागोमाग दोन बोरं टणाटण टाळूवर आदळली. मुक्ताने जो सूर लावला तो बहुधा लक्ष्मी रोडपर्यंत गेला असेल. ती रडते म्हणून हिरा रडायला लागली. अनिरुद्ध बोर पकडायला धावला आणि मुरमुऱ्यांवरून घसरून पडला. कामरान आधीच परक्या घरी आईच्या खांद्यावरून उतरत नाही, तो अफशीनच्या ओढणीत शिरला आणि आतून रडायला लागला. मोठी माणसं अशा वेळी करतात ते सगळं त्यांनी केलं. कोणी मोबाईलवर गाणं लावलं, कोणी खुळखुळा वाजवला, कोणी नसलेली चिमणी दाखवली. सिराजने बिस्किटाचा पुडा फोडला. आवाज वाढतच गेला. भाग्यश्रीचा चेहरा पडला होता, आणि मला वाटलं, झालं, सात महिने हिच्याशी ज्या बढाया मारल्या त्या आता दहा मिनिटांत उतरणार.

मग मी परातीतली बोरं वेचून बाहेर काढली. मुक्ताला कडेवरून खाली ठेवलं, तिचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला आणि पाटावर मी बसलो. आणि बाबा, माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. मुक्ताच्या बाबाला आंघोळ घालणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापली मुरमुऱ्याची वाटी घेऊन रांगेत उभं राहावं."

हे मी काल पहिल्यांदा केलं नाही. घरी रोज करतो. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला डेपोत नेऊन तुमच्या खोलीत बसवायचात. माइकवरचा तो सावकाश, कुणावर न चिडता बोलणारा आवाज मला अजून पाठ आहे. मुलांना रागावून काही होत नाही, गोड बोलूनही होत नाही. त्यांना गाडी कुठे लागली आहे ते स्पष्ट सांगावं लागतं. मुक्ता रडता रडता मध्येच थांबली, नाक पुसून वाटी घेऊन पहिल्या नंबरवर उभी राहिली. तिच्यामागे हिरा. अनिरुद्ध म्हणाला, "मी ड्रायव्हर." मी म्हटलं, ड्रायव्हरने पुढे यावं. आणि एकेकाने माझ्या डोक्यावर मुरमुरे ओतले, तोंडावर, कॉलरच्या आत, कानात. ओतून झालं की पळत जाऊन पुन्हा रांगेत. शेवटी ओढणी हलली. कामरान खाली उतरला, पाच पावलं चालून आला, वाटी थेट माझ्या नाकावर पालथी केली आणि खदखदून हसला. अफशीन तोंडावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "अहो, हा मागे वळून बघतसुद्धा नाहीये."

तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ इथपर्यंतचा. पुढचं त्यात नाही.

पुढे फलाट क्रमांक दोनवरून हात धुवायची गाडी सुटली, तीनवरून खिचडीची. चौघं ओळीने मांडी घालून बसली आणि आपापल्या हाताने जेवली. मुक्ताला मग पुन्हा पाटावर बसवून नुसत्या मुरमुऱ्यांनी नीट न्हाऊ घातलं, तेव्हा ती दोन्ही हात वर करून म्हणत होती, "अजून." आणि मुलं माझ्या पाठीवरून आर्वी-वर्धा फेऱ्या करत होती तोवर मोठी माणसं जेवली. नुसती जेवली नाहीत, बसून, गप्पा मारत, गरम जेवली. ऋतिका म्हणाली, मूल झाल्यापासून भाकरीतून वाफ निघताना मी आज पाहतेय. सिराजने भरताला तीनदा हात घातला आणि वऱ्हाडी लोकांबद्दलची काही जुनी विधानं मागे घेतली. बाबा, मी नोकरीत दोन बढत्या घेतल्या, कंपनीने एकदा परदेशात पाठवलं, पण कालच्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. छाती भरून आली होती. हे लिहिताना लाज वाटत नाही.

हात धुताना सलिल म्हणाला, "दत्ता, तू राजीनामा दिलास ना, तेव्हा मी टीममध्ये सांगत होतो, हा महिन्याभरात परत येतो बघा. तू काही आता येत नाहीस."

हे वाक्य लिहून मी पाणी प्यायला उठलो होतो. परत येऊन ते खोडावं असं मनात आलं. नाही खोडलं.

राजीनामा, बाबा. मला कोणी काढलं नव्हतं.

जूनमध्ये मुक्ताला कांजिण्या आल्या तेव्हा मी दोन आठवडे रजा घेतली होती. ती एरवी पाळणाघरात असायची. पाळणाघर चांगलं होतं, बाई मायाळू होत्या, तक्रार काही नव्हती. पण त्या दोन आठवड्यांत ती माझ्यासमोर पहिलं पूर्ण वाक्य बोलली. 'बाबा, खाज बस.' सोमवारी कामावर गेलो आणि अकराच्या मीटिंगमध्ये माझ्या लक्षात आलं की मी घड्याळाकडे बघत तिचा वरणभात कालवला असेल का, याचा विचार करतो आहे. जेवायच्या सुट्टीआधी राजीनामा लिहिला. साहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. घरचं भाग्यश्रीच्या पगारात नीट भागतं, आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं, तिच्यावर मी काही लादलं नाही.

त्याच आठवड्यात तुम्हाला फोन केला तो हेच सांगायला. पेपरात कंपन्यांतून माणसं कमी केल्याच्या बातम्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही विचारलंत, "तुमच्या इथंही काढून राहिले का लोकांना? तुला त नाही ना काढलं?" आणि मी म्हटलं, "हो, काढलं." वाक्य इतकं सोपं होतं. नशिबाने फटका दिलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. मुलीसाठी नोकरी सोडलेल्या पुरुषाला मात्र सगळं गाव विचारतं. मी आरडाओरड्याची वाट पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "घाबरू नको बाबू. मी आहे."

बाबा, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, पण असं बोललात ते पहिल्यांदा. मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडलो. आणि त्यानंतर सात महिने गप्प राहिलो, कारण ते वाक्य मी खोटं बोलून मिळवलं होतं आणि खरं सांगितलं तर ते परत करावं लागेल असं वाटत होतं. रविवारी तुमचा फोन आला की मी नोकरी शोधतोय असं सांगायचो. मी एकही अर्ज केलेला नाही.

मग तुम्ही ज्ञानदेवकाकांना फोन केलात. ते मूळचे इकडचे, आर्वीच्या डेपोत तुमच्या हाताखाली होते, आज लोणीच्या त्या कॉलेजच्या संस्थेवर आहेत, आणि तुम्ही त्यांच्यापाशी माझ्यासाठी शब्द टाकलात. आई आजारी होती तेव्हा वर्ध्याच्या बदलीसाठीसुद्धा तुम्ही कोणाकडे शब्द टाकला नव्हता. हे मला आईने सांगितलं, तुम्ही नाही. ते ऐकल्यापासून मला माझीच शरम वाटते आहे.

कालचं उरलेलं सांगतो. अफशीन दोन फेब्रुवारीपासून कामावर रुजू होणार आहे. तीन पाळणाघरं पाहून झाली, तिन्ही ठिकाणी कामरान दारातच रडला. भांडी आवरताना ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "दत्ता, विचारू का? नाही म्हणालास तरी चालेल. तू ठेवशील कामरानला?" मी उत्तर द्यायच्या आत ऋतिका मागून म्हणाली, "हिराचं नाव आधी लिही, मी मनात कधीचं विचारलंय." सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात दुर्गाबाईंनी खुर्चीतून विचारलं, "घर कुणाचं आहे?"

"तुमचं," मी म्हटलं.

"मग मला कोण विचारणार?"

मी म्हटलं, "दुर्गाबाई, इथे पाळणाघर चालवलं तर चालेल का?"

त्यांनी अनिरुद्धच्या केसांतले मुरमुरे एकेक करून वेचले. "अनिरुद्ध साडेआठला येईल. दुपारी दोन ते चार आवाज नको. जिन्यात चपला एका रांगेत. आणि ती बोरं उद्या खाली आणून द्या, लोणचं घालते. दगड वाया कशाला घालवायचे?" सिराजने टाळी वाजवली, मग मुलांनी वाजवली, कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मी हो म्हणालो.

मुलं घरी गेली, आठला पाच कमी असताना. एकही रडत गेलं नाही.

आज सकाळी निळ्या खुणा पाहिल्या आणि भाग्यश्रीला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. ती उठून गॅलरीतला टीपॉय आत घेऊन आली. मग म्हणाली, "फोन करू नकोस. फोनवर तू समोरच्याचा सूर बघून बोलतोस. लिही." म्हणून हे पत्र. मुक्ता झोपली आहे.

पण लिहायच्या आधी ज्ञानदेवकाकांना फोन केला, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. मंगळवारी येत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "आरं पण का? पर्मनंट नोकरी हाय." मी कारण सांगितलं. "म्हंजी पोरं सांभाळनार व्हय?" हो म्हटलं. मग म्हणाले, "माझ्या नातीला बी ठेवायला कुनी गावंना. तू लांब ऱ्हातूस, न्हाई तर तुझ्याकडंच धाडली आस्ती. पन बाबा, तुझ्या वडलांना तूच सांग. मी न्हाई." पत्र पोचेपर्यंत ते तुमच्याशी बोलणार नाहीत, असा त्यांनी शब्द दिला आहे.

खोटं बोललो त्याची माफी मागतो. तुम्हाला माझ्यासाठी शब्द टाकावा लागला त्याची तर हात जोडून मागतो. कामाची मात्र मागत नाही, कारण त्यात माझं काही चुकलेलं नाही. तुम्ही रागवाल. महिनाभर बोलणार नाही कदाचित, मला तुमचा स्वभाव ठाऊक आहे. चौकात कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर काय सांगायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल. माझा मुलगा पुण्यात पाळणाघर चालवतो, असं सांगा. चार मुलं आहेत आणि त्याच्याकडे ती रडत नाहीत, असंही सांगा. तो चांगलं करतो, बाबा. काल मी ते स्वतः पाहिलं.

अमरावतीच्या होस्टेलवर होतो तेव्हा, फोन असूनही, तुम्ही दर महिन्याला पत्रच मागायचात. प्रत्येक पत्राखाली मी 'आपला आज्ञाधारक' असं लिहायचो, तुम्हीच शिकवलं होतं. आज लेखणी त्या शब्दाशी येऊन थांबली. यापुढे तुम्हाला खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, त्यामुळे त्यातला एकच शब्द लिहितो. तो मात्र पूर्ण खरा आहे.

आपला
दत्तप्रसाद